मानेच्या मणक्यात गाठ : टीबी म्हणून चार महिने गोळ्या झाल्या, आता मंगळवारी ऑपरेशन. करावं का? (मदत हवी)

केळीबाग_यावल | १४ जून, रात्री ११:४०

मंडळी, इतकी वर्षं इथे वाचनमात्र आहे. लिहायची वेळ अशी येईल असं वाटलं नव्हतं. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

विषय माझ्या मोठ्या भावाचा. दादाचं वय ४६, यावल तालुक्यात केळी आणि थोडा कापूस. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही. मागच्या दिवाळीच्या आधीपासून त्याची मान दुखायची. केळीवाल्याची मान दुखणं ही आमच्याकडे बातमी नव्हे, घड वाहून अर्ध्या गावाच्या माना दुखतात. तेल झालं, शेक झाला. एका मालिशवाल्याने मान कडकन मोडून दिली, त्या रात्री दादा भिंतीला टेकून बसूनच राहिला. मग एक्स-रे काढला. स्पॉन्डिलायटिस म्हणाले, गळ्याला पट्टा दिला, गोळ्या दिल्या.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. कामाने दुखणारी मान आडवं झालं की थांबते, दादाची रात्री जास्त दुखायची. आणि जानेवारीत त्याला सदऱ्याची बटणं लावता येईनात. वहिनी लावून द्यायची, आम्ही दोघांची थट्टा करायचो. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

फेब्रुवारीत जळगावला एमआरआय काढला. मानेचा तिसरा मणका पोखरलेला, समोर गळ्याच्या बाजूला फुगवटा. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, 'कॉक्स स्पाइनची शक्यता, इतर कारणे वगळावीत.' (कॉक्स स्पाइन म्हणजे मणक्याचा टीबी.) पहिले तीन शब्द सगळ्यांनी वाचले, पुढचे तीन कोणीच नाही. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी व्हायची, तोंडाची चव गेली, वजन उतरलं. गोळ्यांनी होतंय असं धरून आम्ही चाललो. मेच्या वादळात बाग आडवी झाली, पंचनाम्यात पंधरा दिवस गेले. तोवर दादाला कळण्याची भाकर गिळता येईना. दुधात कुस्करून खायला लागला.

काल परत एमआरआय झाला. फुगवटा कमी व्हायचा तो वाढलाय. इथल्या सर्जनांनी मंगळवारची तारीख दिली आहे. पुढून गळा उघडून 'खरवडून साफ करू, प्लेट टाकू, तुकडा तेव्हाच तपासायला पाठवू' असं म्हणाले. माणूस चांगला आहे, घाई काळजीपोटीच करतोय हेही दिसतं. पण गाठ कसली हे माहीत नसताना उघडायची? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

पांझराकाठ | १५ जून, सकाळी ६:१५

माझ्या आत्याला पाठीच्या मणक्याचा खराखुरा टीबी झाला होता. बारा महिने गोळ्या घेतल्या, आज शेतात निंदायला जाते. म्हणजे टीबीचं निदान हास्यास्पद नव्हतं, आपल्या भागात मणका पोखरलेला दिसला की नव्वद जण टीबीच म्हणतील. पण चार महिन्यांत वाढतंय म्हटल्यावर थांबून विचार करा.

कानबाईना_भक्त | १५ जून, सकाळी ७:०२

भाऊ, दादाले सांगा घाबरू नका. सर्वं चांगलं व्हई. माले डॉक्टरीमधलं काई समजत नही, पन मंगयवारनी घाई नका करू.

सडेतोड | १५ जून, सकाळी ९:३०

वेगळं मत मांडतो. बटणं लागत नाहीत म्हणजे नस दबली आहे. नस दबलेली असताना 'दुसरं मत, तिसरं मत' करत मुंबई-पुणे फिरलात आणि हातपाय गेले तर कोण जबाबदार? समोर सर्जन तयार आहे. करून टाका.

जुना_एप्रन | १५ जून, दुपारी १:१०

मूळचा अमळनेरचा. मी सर्जन नाही, पॅथॉलॉजिस्ट आहे. ३० वर्षं लोकांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. रुग्ण पाहिल्याशिवाय निदान सांगणार नाही. पण तुम्ही निदान विचारलेलंच नाही, मंगळवारी करावं का एवढंच विचारलंय. त्याला उत्तर आहे: तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय खरवडू देऊ नका.

सडेतोड यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. माणूस कालपर्यंत चालत होता आणि आज पाय उचलत नाही, लघवी अडली, तर तो तासांचा मामला असतो. तिथे आधी मेरुरज्जूवरचा दाब काढतात, नावगाव मग विचारतात. दादांचं दुखणं आठ महिन्यांचं आहे आणि ते चालतायत. इथे आठ-दहा दिवस आहेत. ते नीट वापरा. रोज पाहा: पाय अडखळतात का, मान पुढे वाकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखं होतं का, हातातली वस्तू सुटते का. यातलं काही झपाट्याने बदललं तर माझं वरचं सगळं विसरा आणि तडक भरती करा.

आता घाई का नको ते सांगतो. मानेच्या मणक्यात गाठ दिसली की यादी मोठी असते. चाळिशीपुढे सगळ्यांत जास्त आढळते ती दुसरीकडून पसरून आलेली गाठ: फुप्फुस, स्तन, प्रोस्टेट, थायरॉइड, मूत्रपिंड. मग मायलोमा, लिंफोमा हे रक्तपेशींचे कॅन्सर. मणक्याच्याच हाडात जन्मलेल्या गाठी तशा दुर्मीळ. या प्रत्येकीचा उपचार वेगळा. लिंफोमाला औषधं आणि रेडिएशन, तिथे मोठी चिरफाड बऱ्याचदा लागतच नाही. एकट्या प्लाझ्मासायटोमाला (मायलोमाच्याच जातीची, एकाच जागची गाठ) रेडिएशन पुरतं. जायंट सेल ट्यूमरला डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. उलट काही गाठी अशा असतात की पहिल्याच ऑपरेशनला सालीसकट अख्ख्या काढल्या तरच खरी संधी. खरवडल्या की पेशी आजूबाजूला सांडतात. पिकलेलं केळं साल न फाडता काढायचं असतं, एकदा फाटलं की गर सगळीकडे माखतो. दुसऱ्या ऑपरेशनला तो गर वेचत बसावं लागतं.

म्हणून बायोप्सीची सुईसुद्धा कुठून जाणार हे मोठं ऑपरेशन जो करणार त्याने ठरवायचं. सुईच्या वाटेवर पेशी राहू शकतात, म्हणून ती वाटही गाठीबरोबर कापून काढतात. मानेच्या वरच्या मणक्यांना काही जण तोंडातून सुई घालतात, जवळ पडतं म्हणून. अख्खी काढायची गाठ असण्याची शंका असेल तर ते शक्यतो टाळावं. मानेच्या बाजूने, सीटी स्कॅनवर बघत, जाड सुईने भरीव तुकडा घ्यावा आणि सुईच्या जागी खूण ठेवावी. नुसतं बारीक सुईने पेशी ओढून (लोक एफएनएसी म्हणतात ते) इथे भागत नाही.

आणखी एक. सूज उतरावी म्हणून तुकड्याआधी कोणी स्टेरॉइड सुरू केलं असेल तर सांगा. लिंफोमा असला तर तो स्टेरॉइडने विरघळतो आणि मला काचपट्टीवर काहीच दिसत नाही.

केळीबाग_यावल | १५ जून, दुपारी ३:२५

डॉक्टर, इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. स्टेरॉइड नाही दिलेलं. मग टीबी आहे की नाही हे एमआरआयवर कळत नाही का?

जुना_एप्रन | १५ जून, रात्री ९:४५

अंदाज येतो. टीबी बहुधा दोन शेजारच्या मणक्यांमधली गादी खातो आणि दोन्ही मणके धरतो. गाठ बहुधा गादीला सोडते. टीबीच्या पुवाला काँट्रास्ट दिलं की फक्त कड उजळते, आत काळं राहतं. गाठीत आतूनही कमी-जास्त रंग भरतो. टीबीत ताप, वाढलेला ईएसआर (रक्ततपासणीत आतली सूज दाखवणारा आकडा). पण 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम तीनदा म्हणतोय असं समजा. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पूही पांढराशुभ्र दिसतो आणि काही गाठीही. फरक तुकडाच सांगतो: अर्धा सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी), अर्धा आमच्याकडे. सीबीनॅटला दोनेक तास लागतात. त्याचा रिपोर्ट नकारात्मक आला तरी टीबी नाही असं शंभर टक्के म्हणता येत नाही, म्हणून दोन्हीकडे पाठवायचा.

वनौषधी_सेवक | १६ जून, सकाळी ८:००

[हा प्रतिसाद संपादक मंडळाने काढून टाकला आहे.]

पांझराकाठ | १६ जून, सकाळी ८:२०

बरं केलंत. गाठ विरघळवणारा काढा तीन हजार रुपये बाटली.

भुसावळ_लोको | १६ जून, सकाळी १०:५०

वडिलांना घेऊन मुंबईच्या चार वर्षांत तीसेक फेऱ्या केल्या. डॉक्टरकीचं डॉक्टर सांगतील, मी फिरण्याचं सांगतो.

एमआरआयची फिल्म नेऊन उपयोग नाही, सीडी मागून घ्या. दोन्ही एमआरआयच्या, फेब्रुवारीची आणि आताची. सेंटरवाले जुना डेटा काही महिन्यांनी पुसतात, उद्याच जा. पुढेमागे इथे तुकडा झाला तर नुसता कागद घेऊ नका, मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या दोन्ही मागा. मोठी हॉस्पिटलं आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून परत बघून घेतात. ब्लॉक नसला की पुन्हा सुई. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का बघा. वडिलांच्या कार्डावर 'शांताराम'चं 'शांतराम' झालं होतं, तेवढ्यावर आठ दिवस गेले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ते हॉस्पिटल आणि ते ऑपरेशन यादीत आहे का हे आरोग्यमित्राच्या टेबलावर भरती होण्याआधी विचारायचं, नंतर नाही. (अवांतर: ही योजना २०१२ साली जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत आपलं धुळे होतं.)

कॅन्सर ठरला तर हॉस्पिटलचा शिक्का असलेला रेल्वेचा फॉर्म मिळतो. पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रात्रीची अमरावती-मुंबई धरली तर पहाटे दादरला उतरता. खालचा बर्थ घ्या आणि पट्टा काढू देऊ नका. गाडीच्या धक्क्यापेक्षा स्टेशनबाहेरच्या रिक्षाचा धक्का वाईट असतो. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचेच पेशंट असतात. जागा नसली तरी तिथली माणसं पुढची वाट सांगतात.

केळीबाग_यावल | १९ जून, रात्री १०:१५

मंगळवारचं रद्द केलं. सर्जन रागावतील अशी भीती होती. उलट सीडी, रिपोर्ट, स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, सगळं दिलं. म्हणाले, 'मीही तुमच्या जागी हेच केलं असतं.' मग आधी का नाही म्हणालात, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

उद्या रात्री निघतो.

केळीबाग_यावल | ९ जुलै, रात्री ११:५५

मुंबईत मणक्यांच्या गाठींचं काम करणारे सर्जन भेटले. मानेच्या उजव्या बाजूने सीटीवर तुकडा घेतला, सुईच्या जागी शाईचा ठिपका गोंदला. सीबीनॅट नकारात्मक. रिपोर्ट आज आला: कॉर्डोमा. त्याखाली लिहिलंय 'ब्रॅक्युरी पॉझिटिव्ह'. टीबीच्या गोळ्या बंद केल्या.

डॉक्टर जागे असाल तर साध्या भाषेत सांगा. आईला काय सांगू ते कळत नाही.

जुना_एप्रन | १० जुलै, सकाळी ६:३०

दहावीच्या विज्ञानात 'पृष्ठरज्जू' वाचल्याचं आठवतं का? आईच्या पोटात बाळ आकार घेत असताना पाठीच्या जागी आधी एक मऊ दोरी तयार होते. तिच्याभोवती मणके होतात आणि ती विरून जाते. काहींच्या मणक्यात तिचे कण राहतात आणि क्वचित, वर्षाला दहा लाखांत एखाद्या माणसात, त्या कणांतून गाठ होते. निम्म्या माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीत. तिसरा हिस्सा कवटीच्या तळाशी. उरलेल्या मणक्यांत, दादांसारख्या. रुडॉल्फ फिरशो या जर्मन पॅथॉलॉजिस्टला १८५७ साली हिच्यात फुग्यांनी भरलेल्या पेशी दिसल्या होत्या. त्याच फुगेवाल्या पेशी आम्ही आजही शोधतो. फक्त आता ब्रॅक्युरी नावाच्या प्रथिनाचा रंग देऊन खात्री करता येते. तो रंग धरला म्हणजे शंकेला जागा फार थोडी.

आईंना सांगा: हळू वाढणारी आहे, पण हट्टी आहे. पसरण्यापेक्षा जिथे आहे तिथेच पुन्हा येण्याची तिची खोड. नेहमीची केमो तिला फारशी लागू पडत नाही. तंबाखूने, घड वाहिल्याने, मालिशवाल्याने झालेली नाही. खाण्यापिण्यातल्या चुकीने तर नाहीच. ते शेवटचं वाक्य वहिनींना दोनदा सांगा.

आणि खरवडण्याचं ऑपरेशन झालं नाही ही फार मोठी गोष्ट झाली.

आईची_वही | १० जुलै, सकाळी ११:१०

धुळ्याहून. आमच्या मुलीची गोष्ट अगदी वेगळी, तरी लिहिते, कारण मानेतली गाठ ऐकून इथे बाकीचे घाबरतील.

ती तेराची होती. मान एका बाजूला कलायला लागली. दप्तराचं ओझं म्हणाले, मग अभ्यासाचं टेन्शन म्हणाले, मग नाटक करते म्हणाले. रात्री दोन वाजता रडत उठायची आणि साध्या दुखण्याच्या एका गोळीने अर्ध्या तासात झोपायची. तेवढ्यावरून एका तरुण डॉक्टरने ओळखलं. एक्स-रेत काही नव्हतं. सीटीत पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीत मसुराएवढा ठिपका होता. ऑस्टिओइड ऑस्टिओमा, कॅन्सर नव्हे. एरवी अशा ठिपक्याला सुई घालून जाळतात म्हणे, पण मेरुरज्जूच्या इतक्या जवळ ती उष्णता नको म्हणून उघडून काढला. त्याच रात्री गोळीशिवाय झोपली. मान सरळ व्हायला तीन महिने लागले.

रात्रीचं दुखणं आणि वाकडी मान घेऊन मूल आलं तर त्याला नाटकी म्हणू नका एवढंच.

सडेतोड | १० जुलै, दुपारी १२:४०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. प्रकाटाआ ('प्रतिसाद काढून टाकला आहे') करत नाही, राहू दे तिथेच.

केळीबाग_यावल | २ ऑगस्ट, रात्री १०:३०

सर्जनांसोबत दीड तास बसलो. जेवढं समजलं तेवढं लिहितो, डॉक्टरांनी चूक असेल तिथे दुरुस्त करावं.

मणका म्हणजे बांगडी, मधून मेरुरज्जू जातो. बोट न दुखावता बांगडी काढायची तर ती दोन ठिकाणी तोडावी लागते, आणि तोडायच्या दोन्ही जागा गाठ नसलेल्या हव्यात. त्यांनी कागदावर मणक्याचं आडवं चित्र काढून घड्याळासारखे बारा भाग पाडले आणि कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत गाठ आहे ते रंगवलं. दादाची गाठ मणक्याच्या पुढच्या भागात आणि उजवीकडे आहे. डावी बाजू मोकळी म्हणून अख्खी काढता येईल.

अडचण अशी की मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यातून मेंदूकडे जाणारी एकेक रक्तवाहिनी जाते. उजवी गाठीत गुरफटली आहे. ती बंद करावी लागेल. त्याआधी मांडीतून नळी घालून, आत फुगा फुगवून, दादा जागा असताना अर्धा तास ती अडवून बघणार. डावीवर मेंदूचं भागलं तर कायमची बंद. दुसरं, उजवीकडची चौथी नस कापावी लागेल. श्वासाच्या पडद्याला जी नस जाते ती तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मुळांतून बनते. म्हणजे उजव्या बाजूचा पडदा लुळा पडू शकतो. फुप्फुसं निरोगी असलेला माणूस एका पडद्यावर जगतो, पण सपाट झोपता येणार नाही, धाप लवकर लागेल. हाताची पकड खालच्या नसांची, ती कापायची नाही. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, नाकातून अन्नाची नळी, दोन्ही काही आठवडे. आणि पक्षाघात, हातपाय जाणं, जीव जाणं, हे धोके त्यांनी एकेक करून, दादाकडे बघून सांगितले.

मी विचारलं, नस ठेवून थोडी गाठ राहू दिली तर? म्हणाले, तेही ऑपरेशन आहे, सोपं आहे, आठवड्यात घरी जाल. पण ती परत येते.

दादा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, केळीला करपा आला तर आम्ही पान कापतो. सीएमव्ही आला तर झाड मुळासकट उपटून पुरतो, नाहीतर बाग जाते. हे कुठलं?"

सर्जन म्हणाले, "दुसरं."

"मग उपटा."

बाहेर आल्यावर मात्र जिन्यात बसून राहिला. वहिनीने चहा आणला, तो तसाच गार झाला.

जुना_एप्रन | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

काहीही दुरुस्त करायचं नाही. एक विचारून ठेवा: स्क्रू-सळ्या टायटॅनियमच्या घालणार की कार्बन फायबरच्या? पुढे प्रोटॉन (रेडिएशनचाच एक प्रकार) द्यायचं ठरलं तर धातूची सावली एमआरआयवर आणि रेडिएशनच्या आखणीत आडवी येते. कार्बनची महाग असते, दरवेळी बसवताही येत नाही. पण प्रश्न विचारायला हरकत नाही.

केळीबाग_यावल | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

झालं. दादा वॉर्डात आला आहे.

फुग्याच्या तपासणीत त्याला शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले, हात दाबायला लावला. नीट जमलं, मग त्या रक्तवाहिनीत कॉइल टाकून बंद केली. पहिलं ऑपरेशन मागून. गळा आतून अरुंद झालेला आणि मान हलवायची नाही, म्हणून भुलेच्या आधी जागेपणीच दुर्बिणीने श्वासाची नळी घातली. दादा म्हणतो सगळ्यांत वाईट तेच होतं. पालथं झोपवून, डोकं शिकंज्यात धरून, मागची कमान मोकळी केली, नस कापली, दुसऱ्यापासून सहाव्या मणक्यापर्यंत स्क्रू-सळ्या. सात तास. हातापायांना तारा लावून मेरुरज्जूचा निरोप पोचतोय का हे पूर्ण वेळ मशीनवर बघत होते.

सहा दिवसांनी पुढून. मधल्या रविवारी घरी कानबाई (आमच्या खानदेशातल्या देवीचा सण) होती. आईने प्रसादाचे रोट केले, पण आम्ही तिघं मुंबईत, आणि रोट तर भाऊबंदकीबाहेर देता येत नाहीत. यंदा चुलत्यांच्या घरी जास्तीचे खाल्ले गेले.

दुसरं ऑपरेशन अकरा तास चाललं. मणका आणि गाठ एका तुकड्यात निघाली, सुईची वाट आणि तो शाईचा ठिपकासुद्धा त्यातच. जागी पिंजरा आणि प्लेट. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: कडा मोकळ्या, फक्त मेरुरज्जूच्या आवरणाजवळ एका जागी एक मिलिमीटरचं अंतर. तेवढ्यासाठी रेडिएशन.

गळ्यात नळी असल्याने बोलता येत नव्हतं. पुतणीची पाटी नेली होती. तिसऱ्या दिवशी हात हलवून मागितली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'ठिबकचा फिल्टर धुतला का'.

नव्हता धुतला.

कानबाईना_भक्त | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

भाऊ, वाचीसन डोयामा पानी उनं. पुढला साले रोट दादानाच हातना.

पांझराकाठ | १ सप्टेंबर, सकाळी ८:३०

फिल्टर धुवा हो आधी.

केळीबाग_यावल | १२ डिसेंबर, रात्री ९:२०

बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, उत्तर द्यायला उशीर झाला, माफी.

गळ्यातली नळी पाच आठवड्यांनी निघाली, नाकातली त्याआधीच. गिळायला पुन्हा शिकवावं लागलं. पाणी सगळ्यांत अवघड, घट्ट पेज सोपी, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. उजवा खांदा अजून कमजोर आहे. रात्री तीन उशा लावून टेकून झोपतो.

रेडिएशन खारघरला झालं, टाटाच्या प्रोटॉन केंद्रात. २०२३ पासून तिथे पेशंट घेतात, त्याआधी देशात हे फक्त चेन्नईला होतं. आठवड्यातले पाच दिवस, जवळपास साडेसात आठवडे, एकूण ७० ग्रेच्या (रेडिएशन मोजायचं माप) वर डोस. कॉर्डोमाला एवढा मोठा डोस लागतो आणि बाजूला मेरुरज्जू, म्हणून साधे किरण अडचणीचे. तिथल्या डॉक्टर समजावत होत्या की साधे क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, वाटेत सगळ्यांना थोडं थोडं देत. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतात, पुढे काही जात नाही. दादा म्हणाला, "म्हणजे ते पाटपाणी आणि हे ठिबक." त्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी एका शिरपूरच्या पेशंटला हेच सांगताना आम्ही ऐकलं.

चेहऱ्यावर घालायची ती जाळी मात्र भयंकर. आत डोळे मिटून दादा बागेच्या ओळी मोजायचा.

सडेतोड | १३ डिसेंबर, सकाळी १०:००

खर्चाचं लिहाल का? लोकांना उपयोगी पडेल.

केळीबाग_यावल | १३ डिसेंबर, रात्री १०:१०

आकडा उघड लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. योजनेतून काही झालं, पिंजरा-स्क्रूचा वरचा खर्च आमचा. एका बिघ्याचा सौदा केला. मुंबईतलं राहणं, खाणं, रिक्षा यात धरलं त्याच्या दुप्पट गेलं. भुसावळ_लोको यांनी रेल्वेच्या फॉर्मचं सांगितलं त्याचा फार उपयोग झाला.

केळीबाग_यावल | १८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

रेडिएशननंतरचा पहिला एमआरआय झाला. मोकळा आहे. दर सहा महिन्यांनी बघणार, आणि ते पाच वर्षांत संपणार नाही. ही गाठ दहा वर्षांनीही परतू शकते, म्हणून आधीच सांगून ठेवलंय.

दादा बागेत जातो. घड उचलायचा नाही, ट्रॅक्टरवर बसायचं नाही. पहिला आणि दुसरा मणका यांचा सांधा मोकळा ठेवल्याने मान निम्मी वळते, पण वर बघता येत नाही. घड तर वरच असतात. मग चार पावलं मागे जाऊन, कंबरेतून मागे झुकून बघतो. यंदा थंडीचा चरका बसला, केळीची पानं पिवळी पडली. तो ओळीत उभा राहून मजुरांवर ओरडला, धाप लागली, बांधावर बसला आणि मला म्हणाला, "काय बघतोस भो, पोटॅश सोड."

सदऱ्याची बटणं स्वतः लावतो. वरचं एक वहिनी लावते, ते त्याला दिसत नाही.

साक्री_नाका | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

अख्खा धागा रात्री बसून वाचला. माझ्या मामींना मानेच्या दुसऱ्या मणक्यात काहीतरी निघालंय. इथे टीबी म्हणतायत, उद्यापासून गोळ्या.

केळीबाग_यावल | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:५२

तुकडा घेतलाय का? घेतला असेल तर ब्लॉक कुठे आहे ते आधी विचारा. नसेल तर कोणालाच तोंडातून सुई घालू देऊ नका अजून. एमआरआयची सीडी आजच घेऊन ठेवा, आणि मामींना विचारा की दुखणं रात्री वाढतं का, हातातलं काही सुटतं का. नंबर व्यनि करा, दुपारपर्यंत फोन करतो.